महाड-पोलादपूरच्या गावात चार दिवस

मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या प्रवाशाच्या लेखी महाड हा चहापाण्याचा थांबा आणि पोलादपूर हा महाबळेश्वरकडे वळणारा फाटा. रायगड पाहून त्याच दिवशी परतणारेही पुष्कळ. सह्याद्रीच्या पायथ्याशी विसावलेली या दोन तालुक्यांतील गावे अशा घाईत दिसत नाहीत. एकाच गावी चार-पाच दिवस मुक्काम करावा, पायी हिंडावे, आपला दिनक्रम गावाच्या दिनक्रमाशी जुळवून घ्यावा, या प्रवासपद्धतीला ‘स्लो ट्रॅव्हल’ अर्थात संथ पर्यटन म्हणतात. इटलीत १९८६ साली सुरू झालेल्या ‘स्लो फूड’ चळवळीशी या कल्पनेचे नाते आहे.

शेतीचे वेळापत्रक

महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाते. तिच्या खोऱ्यातील मुख्य पीक भात. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा आणि झाडांचे टहाळ पसरून जाळतात, हा राब. पावसाच्या तोंडावर त्यात बियाणे पेरतात आणि जुलैत चिखळणी करून रोपांची लावणी होते. दसऱ्याच्या सुमारास कापणी सुरू होते, मग झोडणी. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी, तर भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर वाल आणि कुळीथ. ताटातले पदार्थही याच क्रमाने बदलतात. पावसाच्या आरंभी टाकळा, भारंगी यांसारख्या रानभाज्या आणि चढणीचे मासे, हिवाळ्यात वालाचे बिरडे, एरवी तांदळाची भाकरी आणि कुळथाचे पिठले.

पाहुण्याला संथ वाटणारा हा दिवस घरच्या बाईसाठी पहाटेच सुरू झालेला असतो. लावणीच्या दिवसांत कुणाला गप्पांना सवड नसते. अशा वेळी बांधावर उभे राहून छायाचित्रे काढण्यापेक्षा, यजमानांची हरकत नसल्यास, चिखलात उतरणे बरे.

बंद दारे, उघडी दारे

अनेक घरांना वर्षातील बराच काळ कुलूप असते. इथल्या कित्येक पिढ्या पोटासाठी मुंबईला गेल्या. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी परततात आणि गाव भरून जाते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. हा सोहळा घरच्यांचा असतो, याचे भान पाहुण्याने ठेवावे.

गावची परंपरा केवळ रम्य नव्हती, हेही याच मुलुखात कळते. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे, हे ठसवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. गावठाण आणि वाड्यांची विभागणी पाहताना हा इतिहास आठवणीत असावा.

पायी पाहण्याजोगे

महाडलगतची गांधारपाले येथील बौद्ध लेणी, समर्थ रामदासांच्या वास्तव्याने ओळखली जाणारी शिवथरघळ, तानाजी मालुसरे यांची समाधी असलेले उमरठ आणि ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंद यांची पोलादपूर येथील समाधी. एका दिवशी एकच ठिकाण निवडल्यास वाटेवरची गावेही पाहून होतात.

पावसाळ्याची सावधगिरी

धबधब्यांमुळे पावसाळ्यात या भागाची ओढ वाटते. धोकाही तेव्हाच असतो. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे दरडींनी मोठी जीवितहानी केली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथील दुर्घटनेत ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही त्याच दिवशी दरडी कोसळल्या. अतिवृष्टीचा इशारा असता मुक्काम रद्द करणेच इष्ट. ग्रामस्थ एखादी वाट टाळायला सांगत असतील, तर हुज्जत घालू नये. दरडग्रस्त वस्ती हे सहलीचे ठिकाण नव्हे. निवांत राहण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

मुक्काम आणि प्रवास

राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. शेतकऱ्याच्या घरी राहायचे असल्यास आधी कळवावे, दर ठरवून घ्यावा आणि ‘घरचेच आहे’ असे म्हणत पैसे नाकारले गेले तरी मोबदला आग्रहाने द्यावा. भात, कुळीथ, नाचणी थेट शेतकऱ्याकडून विकत घेतल्यास गावातला पैसा गावात राहतो. उन्हाळ्यात अनेक वाड्यांत पाणीटंचाई असते, तेव्हा पाणी जपून वापरावे.

महाड मुंबईपासून सुमारे १७० किलोमीटरवर आहे. पोलादपूर तेथून आणखी २० किलोमीटर पुढे. कोकण रेल्वेचे वीर स्थानक महाडला जवळचे. पुण्याहून येताना वरंध घाट पावसाळ्यात बंद असण्याची शक्यता असते, म्हणून आधी चौकशी करावी. आतल्या गावांसाठी एसटीच्या वेळा महाड किंवा पोलादपूरच्या स्थानकात विचारून घ्याव्यात. रात्री गावात वस्तीला थांबणारी आणि पहाटे निघणारी मुक्कामी गाडी असल्यास तिनेच जावे. गावाची निम्मी ओळख त्या गाडीतच होते.