किकपुराण

माणसाने मोटारसायकल शोधली आणि तो लगेच तिच्यामागे धावत सुटला; कारण ती सुरू व्हायची ढकलून, नाहीतर पायडल मारून. १९०८ साली आल्फ्रेड स्कॉट नावाच्या इंग्रजाने तिला किक बसवली आणि सगळा भार गुडघ्यावर आला.

आपल्याकडे ही परंपरा बुलेटने राखली. तिच्यासाठी १९५५ साली मद्रासला कंपनी निघाली. तिला सुरू करणे म्हणजे षोडशोपचार पूजाच! ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूच दाबा, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे न्या, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग अंगातले सगळे वजन घाला. पूजेत खोट राहिली, की किक उलटून प्रसाद पोटरीला.

आमच्या काकांचे निदान मात्र ठरलेले : प्लग ओला, नाहीतर पॉइंटवर काजळी. फाटकाशी दहा किका झाल्या, की काकू गॅलरीतून विचारीत, "अहो, रिक्षा बोलावू का?" काका मुकाट्याने प्लग काढून स्वयंपाकघरात नेत नि गॅसवर शेकत. तोवर पोळ्या थांबत.

पुढे बटणाच्या गाड्या आल्या. सत्तरीत काकांच्या गुडघ्याने राजीनामा दिला. पण गाडी विकली नाही. रोज सकाळी मला हाक येई, "जरा किक मार रे. जायचं कुठं नाही, नुसता आवाज ऐकायचाय."