गिरणगावातील खानावळी

इ. स. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा पाया घातल्यावर, कोकणातून व घाटावरून येऊन जे कामगार कुटुंबकबिला गावी ठेवून लालबाग-परळच्या चाळींत राहू लागले, त्यांच्या उदरभरणाचा प्रश्न खानावळवाल्या बायांनी सोडविला. पाळीच्या भोंग्यानुसार चूल पेटविणे व पगारापर्यंतच्या उधारीचा हिशेब चोख ठेवणे हे त्यांचे कसब खरेच. परंतु मालवणच्या गड्याला भात-कालवण, साताऱ्याच्या गड्याला भाकरी आणि तापाने फणफणलेल्याला न मागता पेज वाढणारी जी आस्था त्यांच्या ठायी होती, तिच्यामुळेच गावाहून आलेला नवखा माणूस जुन्या जेवणाऱ्याच्या शिफारशीने त्याच पंक्तीस येऊन बसे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून, जाहिरातीवाचून वाढलेल्या या उद्यमास बँकेच्या कर्जाचा रास्त आधार मिळवून दिला.