अवधाण येते, मग जिरते कसे? टी पेशींच्या जगण्या-मरण्याचा हिशेब

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येते. घसा धरला की जबड्याखाली गाठी हाताला लागतात. काही दिवसांनी त्या आपोआप जिरतात. या गाठी म्हणजे सुजलेल्या लसिका ग्रंथी, अर्थात लिम्फ नोड. जंतूंशी लढणाऱ्या पेशी तिथे जमतात, भराभर वाढतात, म्हणून ग्रंथी फुगतात. मग लढाई संपल्यावर या जादा पेशी जातात कुठे? काही शरीरभर पांगतात, पण बहुतेक मरतात. त्यांना जंतू मारत नाहीत, त्या स्वतःच स्वतःला संपवतात.

यातल्या टी पेशींचे गणित समजून घेण्यासारखे आहे. टी पेशीला जगण्याचा कायमचा परवाना मिळत नाही. तो सतत नूतनीकरण करून घ्यावा लागतो. बाहेरून ‘जग’ असा संदेश येत राहिला तरच ती जगते. संदेश थांबला की मरण ठरलेले.

एकही जंतू न पाहिलेली टी पेशी इंटरल्युकिन-७ नावाच्या प्रथिनावर तग धरते. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटते. त्यामुळे आत जॅक आणि स्टॅट-५ ही प्रथिने जागी होतात आणि पेशी बीसीएल-२ हे रक्षक प्रथिन बनवत राहते. अशा साखळीलाच संदेशमार्ग किंवा सिग्नलिंग पाथवे म्हणतात.

जंतू आला की चित्र पालटते. टी पेशीने आपल्या ग्राहीने जंतूचा तुकडा ओळखणे हा पहिला संदेश. पण तेवढा पुरत नाही. तुकडा दाखवणाऱ्या पेशीने टी पेशीवरील सीडी२८ हे दुसरे बटणही दाबावे लागते. नुसताच पहिला संदेश मिळाला तर टी पेशी सुस्त पडते किंवा मरते. चुकून आपल्याच शरीराचा तुकडा ओळखणाऱ्या पेशींना आवर घालण्याची ही एक सोय. सीडी२८ दाबले गेले की पीआय३के आणि एकेटी हा मार्ग सुरू होतो आणि बीसीएल-एक्सएल हे आणखी एक रक्षक प्रथिन वाढते. पेशी इंटरल्युकिन-२ बनवू लागते आणि तिची वाढ जोरात सुरू होते. उंदरांवरील प्रयोगांत एका टी पेशीपासून आठवडाभरात १०,००० हून अधिक पेशी तयार झालेल्या दिसतात.

या फौजेतल्या ९० ते ९५ टक्के पेशी नंतर मरतात. जंतू संपले की संदेश आटतात, इंटरल्युकिन-२ कमी होते. एकेटी मंदावला की फॉक्सो हे प्रथिन केंद्रकात शिरते आणि बिम नावाचे मारक प्रथिन वाढवते. बीसीएल-२ पेक्षा बिमचे पारडे जड झाले की मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला भोके पडतात आणि कॅस्पेज ही विकरे पेशीला आतून कापून काढतात. याला अपोप्टोसिस म्हणतात. यात पेशी फुटून सांडत नाही, म्हणून आजूबाजूला दाहही होत नाही.

मरणाचा दुसरा रस्ता फास या ग्राहीचा. पुन्हा पुन्हा उत्तेजित होणाऱ्या टी पेशींना तो आवरतो. फासच्या जनुकात दोष असला तर काय होते, हे १९९५ मध्ये स्पष्ट झाले. अशा मुलांच्या गाठी महिनोन्‌महिने जिरत नाहीत, प्लीहा वाढते आणि त्यांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच रक्तपेशींवर उलटते. या आजाराला एएलपीएस म्हणतात.

उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतल्या डेव्हिड व्हेटरचे. १९७१ मध्ये जन्मलेल्या या मुलाने १२ वर्षे निर्जंतुक प्लास्टिकच्या कक्षात काढली आणि १९८४ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याला असलेल्या आजाराचे जनुक १९९३ मध्ये सापडले. इंटरल्युकिन-२, ७ आणि १५ यांच्यासह सहा प्रथिनांच्या ग्राहींना लागणारा एक सामाईक भाग ते जनुक बनवते. तो भाग नसला की ‘जग’ हा संदेश पोहोचतच नाही आणि टी पेशी तयारच होत नाहीत.

उरलेल्या ५-१० टक्के पेशी इंटरल्युकिन-७ आणि १५ च्या आधारे स्मृतिपेशी म्हणून राहतात. देवीची लस घेतलेल्यांच्या रक्तात त्या लसीच्या स्मृतिपेशी अनेक दशकांनंतरही सापडल्या आहेत.

कर्करोगावरच्या कार-टी उपचारातही हाच प्रश्न आला. रुग्णाच्या टी पेशींना प्रयोगशाळेत कृत्रिम ग्राही बसवून परत सोडायचे, अशी ही पद्धत. सुरुवातीच्या ग्राहींत फक्त पहिला संदेश होता. त्या पेशी शरीरात टिकेनात. मग ग्राहीत सीडी२८ किंवा ४-१बीबी या दुसऱ्या संदेशाचा तुकडा जोडला गेला, तेव्हा कुठे उपचार लागू पडू लागला. साधारणपणे ४-१बीबी असलेल्या पेशी जास्त काळ टिकतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘नेक्सकार१९’ या उपचारातल्या ग्राहीतही ४-१बीबीच आहे.