हुंडी ते कार्ड : परदेशप्रवासातील पैशाची वाटचाल

परदेशी निघालेल्या माणसाने पैसा न्यावा कसा आणि तेथे तो हाती यावा कसा, हे प्रश्न फार जुने आहेत. अंगावर बाळगावा तर चोरीचे भय. न बाळगावा तर परक्या गावी आपल्यावर विश्वास कोण ठेवणार? प्रवासी पैशाचा इतिहास हा मुख्यतः या विश्वासाचाच इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे ही अडचण हुंडीने दूर केली. एका पेढीवर रक्कम भरावयाची आणि दूरच्या गावी तिच्या आडत्याकडून ती मोजून घ्यावयाची, अशी ही पद्धत. दाखविताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी, ठराविक मुदतीने मिळत ती मुदती. मात्र जेथे पेढीचा आडत्या नाही, तेथे हुंडी म्हणजे केवळ कागद!

युरोपातील श्रीमंत प्रवासी व्यापारी पेढ्यांची पतपत्रे नेत. १७७२ साली लंडनमध्ये रॉबर्ट हेरीस यांनी अनेक शहरांत वटणाऱ्या प्रवासी नोटा काढल्या. १८७४ मध्ये थॉमस कुक यांच्या कंपनीनेही तशा नोटा सुरू केल्या. पुढे अमेरिकन एक्स्प्रेसचे अध्यक्ष जे. सी. फार्गो युरोपात गेले असता, मोठी शहरे सोडताच त्यांचे पतपत्र वटेना. परत येऊन त्यांनी हे काम मार्सेलस बेरी यांच्यावर सोपविले आणि १८९१ मध्ये प्रवासी धनादेश अवतरला. त्याची युक्ती साधी होती : एक सही विकत घेताना, दुसरी वटविताना. दोन्ही जुळल्या की ओळख पटली. धनादेश हरवल्यास भरपाई मिळे. म्हणून त्यांचे क्रमांक निराळे लिहून ठेवण्याचा प्रघात पडला.

स्वतंत्र भारतातील प्रवाशापुढे मात्र निराळाच प्रश्न होता : पैसा मिळणार किती? १९४७ च्या कायद्याने परकीय चलनावर नियंत्रण आले आणि १९५७ च्या सुमारास गंगाजळी आटू लागल्यावर ते अधिक कडक झाले. परदेशी जाण्यास रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' मंजूर व्हावा लागे. आपले मंडळ स्थापन झाले, तेव्हा १९७३ चा 'फेरा' कायदा नुकताच अंमलात आला होता. खिशात अवघे आठ डॉलर घेऊन विमानात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या कथा त्याच काळातील. आठ डॉलरांत परक्या शहरात किती दिवस निघणार? अशा वेळी कोणा परिचिताच्या परिचिताचा पत्ता हीच त्यांची दर्शनी हुंडी असे. बँकेचा हात जेथे पोचत नसे, तेथे आपल्या माणसांचा विश्वास पोचे. घरापासून दूर राहणाऱ्या आपणा कुटुंबांस हे निराळे सांगावयास नको.

१ जून २००० पासून 'फेरा'च्या जागी 'फेमा' आला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीस वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेण्याची वा पाठविण्याची मुभा दिली. २०१५ मध्ये ती मर्यादा २,५०,००० डॉलर झाली. आता चणचण पर्याय निवडण्याची आहे. प्रवासी धनादेश जवळजवळ अस्तंगत झाला असून त्याची जागा आगाऊ भरणा केलेल्या फॉरेक्स कार्डाने, बँकेच्या कार्डांनी आणि काही देशांत 'यूपीआय'ने घेतली आहे.

मुला-नातवंडांकडे निघालेल्या ज्येष्ठांना आमचे सांगणे एवढेच की, सारी भिस्त एकाच साधनावर ठेवू नये. पहिल्या एक-दोन दिवसांपुरती त्या देशाची रोकड, एक फॉरेक्स कार्ड आणि दुसऱ्या बँकेचे एक कार्ड, ही निरनिराळ्या ठिकाणी ठेवावीत. १ ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे परदेशी वापरासाठी आपण होऊन सुरू करून घ्यावी लागतात; ते काम निघण्यापूर्वीच उरकावे. परदेशी दुकानातील यंत्राने 'रुपयांत की स्थानिक चलनात?' असे विचारल्यास स्थानिक चलन निवडावे. रुपयांचा दर बहुधा महाग पडतो. कार्डांचे शेवटचे चार अंक व बँकेचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, आणि त्याच कागदावर तेथील एखाद्या आप्ताचा पत्ताही असू द्यावा. यंत्र बंद पडले, तरी ही जुनी हुंडी अजून वटते.