तळटीप : हातातले तुरे

१. तुरे : येथे पागोट्यावरचा तुरा अभिप्रेत नाही. पानसुपारीला आलेल्यांच्या हाती दिलेले हे तुरे म्हणजे फुलांचे छोटे गुच्छ. बारीक कामटीवर गुलाब, शेवंती आणि वासाला मरवा किंवा दवणा घेऊन सुताने आवळून बांधत. हौस असेल तर वर थोडी बेगड. समारंभ आटोपताना अत्तर लावायचे, गुलाबपाणी शिंपडायचे, विडा आणि तुरा द्यायचा, की पाहुण्याने उठावे हे न बोलता कळे. इंग्रज अंमलदारांच्या भेटीगाठींतही हा रिवाज पाळला जाई. हार सहसा मोजक्या मानकऱ्यांच्या गळ्यात पडे, तुरा बाकीच्यांनाही मिळे. त्यामुळे कोणाला काय मिळाले यावरून रुसवेफुगवे होत. ‘हारतुरे’ या जोडशब्दात हा अर्थ अजून टिकून आहे, पण तो उच्चारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा हारच असतो.

मूळ अरबी ‘तुर्रा’, म्हणजे कपाळावरची बट. फारसीमार्गे तो मराठीत आला आणि पागोट्यावर, कोंबड्याच्या डोक्यावर, उसाच्या शेंड्यावर जाऊन बसला. शाहिरीतल्या कलगी-तुऱ्याचा वाद निराळा : तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानतात, कलगीवाले शक्तीला. ‘पुष्पगुच्छ’ हा शब्द येथे फारच सभागृहातला वाटला असता, म्हणून मूळ शब्द बदललेला नाही. पुढील प्रकरणातला मोत्यांचा तुरा मात्र पागोट्याचाच. — संपा.