हाँगकाँग : हमीची पन्नास वर्षे

१९८४च्या चीन-ब्रिटन संयुक्त जाहीरनाम्यात हाँगकाँगला एक हमी मिळाली होती. १९९७च्या हस्तांतरानंतर तिथली न्यायव्यवस्था, वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि सभास्वातंत्र्य पन्नास वर्षे अबाधित राहील. म्हणजे २०४७पर्यंत. प्रत्यक्षात ती २३ वर्षेही धड टिकली नाही.

नोव्हेंबर २०१९च्या जिल्हा परिषद निवडणुकीत लोकशाहीवाद्यांनी १८पैकी १७ परिषदा जिंकल्या. ३० जून २०२०च्या रात्री बीजिंगने केलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला. तोवर त्याचा पूर्ण मसुदा हाँगकाँगकरांना पाहायलाही मिळाला नव्हता. पुढच्या वर्षी विधिमंडळाच्या जागा ७०वरून ९० झाल्या, पण भौगोलिक मतदारसंघांतून थेट निवडायच्या जागा ३५वरून २०वर आल्या. 'ॲपल डेली' या दैनिकाची खाती गोठवली गेली. २४ जून २०२१ला त्याचा अखेरचा अंक निघाला. दहा लाख प्रती छापल्या होत्या. त्या घ्यायला लोक मध्यरात्रीपासून रांगेत उभे होते.

आज तिथे न्यायालये आहेत, विधिमंडळ आहे, निवडणुकाही होतात. म्हणून अभ्यासकाने संस्था कधी बंद पडल्या एवढेच शोधू नये. त्या चालू असताना त्यांतून काय काढून घेतले गेले, तेही तारीखवार नोंदवून ठेवावे.