शहर बदलताय? घरभाड्याआधी राज्याची हद्द बघा

नोकरी बेळगावात आणि घर चंदगड तालुक्यात, काम पेडण्यात आणि बिऱ्हाड बांद्यात. सीमाभागात हे काही नवीन नाही. आता पुणे-हैदराबादच्या भाड्याला कंटाळून इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा कोल्हापूर अशा मधल्या शहरांचा विचार करणारी मराठी कुटुंबंही बरीच आहेत. अशा वेळी घरात पहिला प्रश्न निघतो तो भाड्याचा. पण राज्य ओलांडताना भाडं हा हिशेबाचा सोपा भाग असतो. अवघड भाग मुलांच्या शाळेचा आणि दाखल्यांचा.

आधी भाड्याचंच बघू. अंदाज घ्यायला केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्याची वर्गवारी हाताशी आहे. पुणे, मुंबई, हैदराबाद ही शहरं 'एक्स' वर्गात येतात, तिथे मूळ वेतनाच्या ३० टक्के भत्ता मिळतो. बेळगाव, कोल्हापूर, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा ही सगळी 'वाय' वर्गात, म्हणजे २० टक्के. अर्थात ही विभागणी लोकसंख्येवर केलेली आहे, प्रत्यक्ष भाड्यावर नाही. इंदुरात विजयनगरकडचा फ्लॅट आणि बेळगावात शहापूरच्या गल्लीतलं जुनं घर एकाच वर्गात मोजलं जातं, पण खिशाला दोन्ही सारखे पडत नाहीत. तरी ढोबळ मानाने या पाच शहरांत तुलना करताना भाड्यापेक्षा बाकीच्या गोष्टींना जास्त वजन द्यावं.

मूल कितवीत आहे?

शहर बदलण्याचा खरा मुहूर्त यावर ठरतो. इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या राज्य कोट्यातल्या जागांसाठी प्रत्येक राज्याचे 'स्थानिक' ठरवण्याचे नियम वेगळे आहेत.

कर्नाटकात सीईटीचा मुख्य नियम असा, की पहिली ते बारावीच्या काळात किमान ७ वर्षं शिक्षण राज्यात झालेलं हवं आणि दहावी किंवा बारावी तिथूनच हवी. म्हणजे सहावीच्या सुरुवातीला बेळगावात आलेलं मूल सात वर्षं जेमतेम भरतं. आठवीत आलेलं भरत नाही. मग पालकांच्या शिक्षणावर किंवा नोकरीवर आधारलेल्या दुसऱ्या कलमांत बसतं का, ते तपासावं लागतं. महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून आणि वर डोमिसाईल लागतं. तेलंगणात नववी ते बारावी ही सलग ४ वर्षं तिथे शिकणं हा स्थानिकतेचा निकष आहे.

यात फसगत कुणाची होते? आठवी-नववीत राज्य बदलणाऱ्या मुलाची. जुन्या राज्याची दहावी हातात नाही आणि नव्या राज्याची वर्षं पुरी होत नाहीत. दोन्हीकडच्या जागांना मुकण्याची वेळ बारावीच्या निकालानंतर कळते, आणि तेव्हा काही करता येत नाही. मूल सातवीच्या पुढे गेलं असेल तर बारावी होईपर्यंत एका पालकाने जुन्या गावीच बिऱ्हाड ठेवणं महाग वाटलं तरी अनेकदा तेच शहाणपणाचं ठरतं.

सीमाभागाला इथे एक वेगळी सोय आहे. महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांमधून शिकलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात 'सीमाभाग' म्हणून स्वतंत्र प्रकारात अर्ज करता येतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांना हे ठाऊक असतं. पुण्याहून नव्याने बेळगावात येणाऱ्यांना सहसा नसतं.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं की नव्या राज्यातलं आरक्षण आपोआप मिळत नाही, जातीचं नाव दोन्ही याद्यांत असलं तरी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. गोव्यात सरकारी नोकरीची आशा धरून जाणाऱ्यांनी १५ वर्षांच्या रहिवासी दाखल्याची अट आधी लक्षात घ्यावी.

शाळेतली मराठी

कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते, सीबीएसई शाळेतही. तेलंगणात तेलुगूचा कायदा २०१८ चा, गुजरातेत पहिली ते आठवी गुजरातीचा कायदा २०२३ चा. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये मराठीबाबत तेच केलं आहे, तेव्हा तक्रारीला फारशी जागा नाही. लहान मूल दोन वर्षांत नवी लिपी उचलतं; सातवीतल्या मुलाला ती जड जाते. मराठी माध्यमच हवं असेल तर बेळगाव परिसर आणि गोव्याच्या सरकारी प्राथमिक शाळा हे खरे पर्याय. हैदराबाद, इंदूर, बडोदा इथे मराठी टिकते ती घरात, मंडळांत आणि गणेशोत्सवात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठी विभाग आहे, पण तो पुढच्या टप्प्यावर कामाला येतो.

गाडी, पेट्रोल, एसटी

दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त काळ गाडी ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी, नव्या राज्याचा रोड टॅक्स, मग जुन्या राज्याकडून उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा. हा परतावा आपण अर्ज केल्याशिवाय येत नाही. कर्नाटकाचा गाडीवरचा कर देशातल्या सर्वांत जास्त करांपैकी आहे, तेव्हा नवी कार घेऊन तिकडे जाणाऱ्यांनी हा आकडा आधीच काढावा. केंद्र-राज्य सरकारी कर्मचारी, किंवा चार वा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीतले नोकरदार 'बीएच' नंबर घेऊ शकतात. ही मालिका २०२१ पासून सुरू आहे.

उलट, गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, म्हणून सिंधुदुर्गातल्या गाड्या तिकडे गेल्या की टाकी भरूनच परततात. दोडामार्ग-बांदा पट्ट्यात राहून गोव्यात काम करणाऱ्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेजही सावंतवाडीपेक्षा फार लांब वाटत नाही.

योजनांचा हिशेबही हद्दीवर थांबतो. कर्नाटकात महिलांना शक्ती योजनेत बसप्रवास मोफत आहे, पण तो कर्नाटकाचा पत्ता असलेल्यांना आणि राज्यापुरता. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेही राज्याच्या हद्दीपर्यंतच. कोल्हापूर-बेळगाव एसटीत कोगनोळीच्या पुढचं भाडं पूर्ण द्यावं लागतं. आठवड्याला ये-जा करणाऱ्या घरात वर्षाकाठी ही रक्कम बरीच होते. केंद्राच्या रेशनचं धान्य मात्र कोणत्याही राज्यात उचलता येतं, जुनं कार्ड रद्द करण्याची घाई नको.

राहिला प्रश्न रोजच्या जगण्याचा. इंदुरात सराफ्याची रात्र आणि सकाळचे पोहे-जिलेबी आहेत, शहर २०१७ पासून स्वच्छतेत सतत वरच्या नंबरावर आहे. पाणी मात्र सुमारे ७० किलोमीटरवरून, नर्मदेतून येतं. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तो झाला की उत्तर महाराष्ट्र जवळ येईल. तोवर मुंबईची रात्रीची गाडी आहेच. बडोद्याहून मुंबईला गाड्या भरपूर. ग्वाल्हेरचा उन्हाळा सोसणाऱ्यालाच सोसतो. बेळगावची हवा थंड, पुणे-कोल्हापूर-गोवा तिन्ही एका दिवसाच्या आत, पण चोर्ला घाटातून गोव्याला जाणं पावसाळ्यात भरवशाचं नाही. रोज ये-जा करायची असेल तर जूनमध्ये आठवडाभर तो रस्ता तुडवून मगच डिपॉझिट भरावं.